पुरोहित भगिनींचे सोवळे

भाद्रपद शुद्ध चतुर्थीची पहाट ही पुरोहितांच्या कसोटीची वेळ. एका घरची प्राणप्रतिष्ठा उरकते न उरकते तोच दुसऱ्या घरचे यजमान मूर्ती पाटावर ठेवून दाराकडे डोळे लावून बसलेले असतात. या लगबगीत पुण्यासारख्या नगरात आता पुरोहित भगिनीही दिसतात. त्यांच्यासाठी नऊवारी सोवळी शिवण्याचा लहानसा व्यवसाय आम्ही दोघी जावा घरीच करतो. त्या अनुभवातून सुचलेले चार शब्द सणाच्या निमित्ताने भाविक कुटुंबांपुढे ठेवीत आहोत.

स्त्रीने पौरोहित्य करावे की नाही, हा वाद आम्हांस येथे उकरून काढावयाचा नाही. घोषा, अपाला या मंत्रद्रष्ट्या स्त्रिया ऋग्वेदातच आहेत. हारीताने ब्रह्मवादिनींचा निर्देश केला आहे. साकोरीस उपासनी महाराजांच्या कन्याकुमारी स्थानात कुमारिका वेदपठण व यज्ञकर्म शिकल्या. पुण्यात शंकरराव थत्ते यांनी १९७० च्या दशकात गृहिणींसाठी पौरोहित्याचे वर्ग चालविले. पुढे ज्ञान प्रबोधिनीनेही हे कार्य हाती घेतले. परंपरा जुनी आहे. प्रश्न आहे तो वस्त्राचा.

पुरुष पुरोहितास मुकटा किंवा पीतांबर नेसला की झाले. भगिनींनी काय नेसावे? नऊ वार म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर कापड. ते नेसून दोन-तीन तास मांडी घालून बसावयाचे, निरांजनापासून पदर सांभाळावयाचा, आणि लगेच दुसरे घर गाठावयाचे. म्हणून आम्ही कासोटा शिवून देतो, गुडघ्याशी सैल ठेवतो, पदर आटोपशीर ठेवतो आणि दक्षिणा ठेवावयास कनवटीच्या जागी आतून खिसा लावतो. सुती कापड आधी पाण्यातून काढूनच बेततो, नाहीतर पहिल्याच धुण्यात ते आटते.

यावर काही वडीलधारी मंडळी विचारतात, “शिवलेले वस्त्र सोवळ्यात कसे चालेल?” हा प्रश्न आम्ही हसण्यावारी नेत नाही. ज्यांच्या घरी अशिवलेल्या वस्त्राचा कटाक्ष आहे, तेथे तो पाळला जावा आणि भगिनींनीही तेथे नेसूनच जावे, असे आमचे मत आहे. तथापि स्त्रियांची चोळी पिढ्यान्‌पिढ्या शिवलेलीच होती, आणि ती अंगात असतानाच घरोघरच्या आज्यांनी सोवळ्याचा स्वयंपाक केला. स्वच्छ धुणे, वेगळे वाळत घालणे, वापरातल्या कपड्यांपासून दूर ठेवणे हा सोवळ्याचा गाभा होय. आमच्या यंत्राखालून निघते ते केवळ कापड. त्याचे सोवळे होते ते नेसणारीच्या घरी, तिच्या हातून. म्हणूनच “पवित्र वस्त्र” अशी चिठ्ठी लावून चार पैसे अधिक घ्या, हा एका व्यापाऱ्याचा सल्ला आम्ही मानला नाही. पावित्र्य विकावयास काढणे आमच्या मनास पटले नाही.

दुसरा मोह स्वस्ताईचा. रेशमासारखे चमकणारे कृत्रिम धाग्याचे कापड बाजारात थोडक्यात मिळते, आणि ते शिवून द्या असा आग्रहही होतो. पण ठिणगी पडली की असे कापड वितळते आणि कातडीस चिकटते. होमाशेजारी बसणाऱ्या भगिनीस ते आम्ही देऊ शकत नाही. यामुळे काही मागण्या हातच्या गेल्या. ज्यांना रेशीम परवडत नाही त्यांना आम्ही सुती सोवळेच सुचवितो. धुतलेले सूत देवास कमी प्रिय आहे, असे आम्ही मानीत नाही.

एक प्रसंग मात्र मनातून जात नाही. पतिनिधनानंतर एक पुरोहित भगिनी वर्षभराने आमच्याकडे आल्या. पूर्वी त्या हौसेने जांभळ्या काठाचे सोवळे शिवून घेत. या वेळी त्यांनी खालच्या आवाजात विचारले, “आता कोणता रंग बरा दिसेल? लोक बोलावतील ना?” मंत्र तेच होते, उच्चार तेच होते, वाणीही तीच होती. आम्ही काही न बोलता जांभळ्या काठाचेच कापड त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी ते घेतले खरे, पण त्यांच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आमच्याजवळ नव्हते. ते यजमानांजवळ आहे.

म्हणून या गणेशोत्सवात आमची एवढीच विनंती. दारी आलेल्या पुरोहित भगिनीच्या काठाचा रंग अथवा कपाळ न्याहाळण्याआधी तिचा संकल्प ऐकावा. तिला हातपाय धुण्यास पाणी आणि वस्त्र बदलण्यास आडोसा द्यावा. दक्षिणा पुरुष पुरोहितास द्याल तीच द्यावी. वस्त्र आम्ही शिवू शकतो. ते नेसणारीचा मान राखणे यजमानांच्याच हाती आहे.