पायऱ्या मोजून घर घ्यावे

कराडहून एका वाचकभगिनींचे पत्र आले आहे. त्यांच्या ७४ वर्षांच्या मातोश्रींना पुढील महिन्यात किरणोपचारांसाठी मुंबईस, परळला न्यावयाचे आहे. उपचार पाच आठवड्यांचे. इतके दिवस नातलगांकडे राहणे दोन्हीकडच्यांना अवघड, हॉटेल परवडणारे नाही आणि तेथील जेवण आईला मानवणारेही नाही. म्हणून भांडीकुंडी-पलंगासह सज्ज असे घर, ज्याला आता सर्वजण ‘फर्निश्ड फ्लॅट’ म्हणतात, ते दीड महिन्यासाठी भाड्याने घ्यावे असा त्यांचा विचार आहे. घर कोणत्या भागात घ्यावे आणि आईची रोजची ने-आण कशी करावी, असे त्यांनी विचारले आहे.

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मला पुस्तक उघडावे लागले नाही. गेल्या हिवाळ्यात मी स्वतः पत्नीला घेऊन सांगलीहून त्याच कामासाठी मुंबईत राहिलो. तिचे वय ६८, माझे ७२. शस्त्रक्रिया आधी झालेली होती. पुढे २५ दिवसांचे किरणोपचार होते, आठवड्यातून पाच दिवस, शनिवार-रविवार सुट्टी.

घर आमच्या मुलाने बेंगळुरूहून भ्रमणध्वनीवर छायाचित्रे पाहून ठरवले. त्याला दोष देत नाही. मीही ती छायाचित्रे पाहून हरखलो होतो. पांढऱ्याशुभ्र भिंती, भलामोठा सोफा, भिंतीएवढा दूरचित्रवाणी संच आणि मुख्य म्हणजे रुग्णालय जेमतेम एक किलोमीटरवर! यापेक्षा आणखी काय हवे, असे वाटले. छायाचित्रांत न्हाणीघर मात्र कोठेच नव्हते, आणि ते नाही हे आमच्यापैकी कोणाच्याही ध्यानी आले नाही.

प्रत्यक्षात फाटकापासून उद्वाहनापर्यंत सात पायऱ्या होत्या, कठडा एकाच बाजूला आणि तोही हलणारा. इमारत जुनी, उद्वाहन नंतर बसवलेले, म्हणून ते मजल्यावर न थांबता दोन मजल्यांच्या मधल्या चौकात थांबे. तेथून घरापर्यंत आणखी नऊ पायऱ्या. म्हणजे एकदा रुग्णालयात जाऊन यायचे तर ३२ पायऱ्यांची चढउतार. पलंग आधुनिक पद्धतीचा, जमिनीलगत. त्यावर बसणे सोपे, उठणे कठीण. आणि न्हाणीघराला वीतभर उंबरा, आत आरशासारख्या चकचकीत फरश्या.

तिसऱ्या रात्री पत्नी त्या उंबऱ्याला अडखळली आणि उजव्या खांद्यावर पडली.

हाड मोडले नाही, हे क्ष-किरण तपासणीत दुसऱ्या दिवशी कळले. पण तोवरचे तास कसे गेले ते सांगवत नाही. स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतरचे किरणोपचार घेताना हात डोक्याच्या वर नेऊन निश्चल पडून राहावे लागते. ती पडली होती शस्त्रक्रिया झालेल्याच बाजूवर, आणि तो हात आता खांद्याच्या वर जाईना. उपचारांत खंड पडू नये असा डॉक्टरांचा आग्रह असतो आणि येथे पहिल्याच आठवड्यात दोन दिवस बुडाले. ते पुढे शेवटी भरून काढले गेले, खांदाही सुटला. परंतु घर निवडताना आम्ही जी चूक केली तिची किंमत तिच्या शरीराने मोजली, ही बोच माझ्या मनातून गेलेली नाही.

नवव्या दिवशी आम्ही घर बदलले. दुसरे घर दादर पूर्वेला हिंदू कॉलनीत मिळाले, रुग्णालयापासून सुमारे तीन किलोमीटर. तळमजला, प्रवेशाशी दोनच पायऱ्या, शिसवी पण जुनाट पलंग, पोपडे आलेल्या भिंती. छायाचित्रांत हे घर आम्ही निःसंशय नाकारले असते. परंतु दाराशी टॅक्सी येत होती, पलंगावरून उठताना पाय जमिनीला टेकत होते आणि न्हाणीघराची फरशी खरबरीत होती. अंतर तिप्पट झाले आणि त्रास निम्म्याहून कमी झाला.

म्हणून कराडच्या भगिनींना माझे पहिले सांगणे असे, की कोणत्या भागात घ्यावे हा प्रश्न थोडा बाजूला ठेवा. आईला एका दमात किती पायऱ्या चढता येतात, ते आज घरी मोजून पाहा. किरणोपचारांचा थकवा पहिल्या आठवड्यात फारसा जाणवत नाही, तो आठवड्यागणिक साचत जातो. तेव्हा आज जो आकडा येईल त्याचा निम्मा धरून घर शोधा.

घरमालकाकडे छायाचित्रे मागू नयेत, चलच्चित्र मागावे. फाटकातून चालत निघून, उद्वाहनातून वर येऊन, दार उघडून थेट पलंगापर्यंत आणि तेथून न्हाणीघरापर्यंत, मध्ये न थांबवता काढलेले. दोन-तीन मिनिटांचे काम आहे. हे करावयास जो मालक तयार होत नाही, त्याच्या घराचा नाद सोडावा. दुसऱ्या घराच्या मालकीणबाईंनी ते तर पाठवलेच, शिवाय मी विचारल्यावर पलंगाची उंची फूटपट्टीने मोजून कळवली. पलंग साधारण गुडघ्याच्या उंचीचा, म्हणजे ४५ ते ५० सेंटिमीटर असावा. सखल असेल तर वर आणखी एक घट्ट गादी टाकता येते. फार उंच असेल तर मात्र उपाय नाही. शौचकूप कमोडचेच असले पाहिजे, हे सांगावयास नकोच. भिंतीला धरावयाची दांडी भाड्याच्या घरात बहुधा नसते आणि मालक भिंतीला भोके पाडू देत नाही. त्यासाठी कमोडभोवती ठेवावयाची लोखंडी चौकट शस्त्रक्रियेच्या साहित्याच्या दुकानात मिळते, काही ठिकाणी भाड्यानेही मिळते. आम्ही ती चौकट, आंघोळीसाठी रबरी पायांचे स्टूल आणि रबरी चटई एवढे घेतले. सोफ्याच्या रंगाकडे पाहण्यात घालवलेला वेळ या तीन वस्तूंकडे दिला असता, तर तो खांदा दुखावलाच नसता.

पाणी किती वाजता येते, हे विचारावे. मुंबईतील पुष्कळ जुन्या इमारतींत ते ठराविक वेळीच येते. वीज गेल्यास उद्वाहन चालते का, हेही विचारावे. रात्री पलंगावरून हात लांबवून दिव्याचे बटण सापडले पाहिजे. न सापडल्यास उशाशी विजेरी. स्वयंपाकघराबाबत एवढेच सांगतो, की ‘सर्व भांडी आहेत’ या आश्वासनावर विसंबू नये. पहिल्या घरात काचेचे उंच पेले बारा होते. पोळपाट-लाटणे नव्हते आणि कुकरही नव्हता. मऊ भात आणि भाज्यांचे सूप यांवर दिवस काढणाऱ्या माणसाच्या घरात कुकर नसणे म्हणजे काय, ते सोबत राहणाऱ्यालाच कळते.

कागदपत्रांचा कंटाळा करू नये. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ यानुसार ‘लीव्ह अँड लायसन्स’चा करार लेखी व नोंदणीकृत असावा लागतो आणि त्याची जबाबदारी घरमालकावर आहे. थोड्या दिवसांसाठी कशाला, असे म्हणून मालक तो टाळू पाहतात. करारात अनामत रक्कम, ती परत करण्याची मुदत आणि उपचार लवकर आटोपल्यास वा लांबल्यास काय करावयाचे, हे लिहून घ्यावे. उपचारांच्या तारखा आपल्या हाती नसतात. पहिल्या घराचे उरलेले भाडे आम्हाला सोडून द्यावे लागले, ते हे कलम नव्हते म्हणून.

ज्यांना भाड्याचे घर झेपणारे नाही, त्यांनी संकोच न करता रुग्णालयातील समाजसेवा विभागात विचारावे. दादरची संत गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा वर्षानुवर्षे कर्करोगाच्या रुग्णांना आणि त्यांच्या सोबत्यांना आसरा देत आली आहे. काहींचे उपचार परळऐवजी टाटा स्मारक केंद्राच्या खारघर येथील संस्थेत असतात. त्यांनी परळला घर घेऊन बसू नये. ऐकायला हे विचित्र वाटेल, पण अशी गल्लत झालेले एक कुटुंब मला प्रतीक्षालयातच भेटले.

आता ने-आण. बाहेरगावच्या माणसाला सहसा ठाऊक नसते, की मुंबई शहरात रिक्षा नाही. पश्चिमेकडे वांद्रे आणि पूर्वेकडे शीव येथपर्यंतच ती येते. स्वस्त म्हणून कुर्ल्याला किंवा चेंबूरला घर घेतले, तर रिक्षाने शीवपर्यंत येऊन रुग्णाला भर रस्त्यात टॅक्सीत बदलावे लागेल. दादर-परळ भागात काळी-पिवळी टॅक्सी हाच आधार; फेब्रुवारी २०२५ पासून पहिल्या दीड किलोमीटरला ३१ रुपये आणि पुढे मीटरप्रमाणे. अगदी जवळचे भाडे घ्यावयास चालक कुरकुरतात, हा अनुभव आम्हाला पहिल्या घरी रोज आला. ‘चालतच जा की’ असे तोंडावर ऐकून ती उखडलेल्या पदपथावरून एक किलोमीटर चालली आहे. तीन किलोमीटरला कोणी नकार दिला नाही. दुसऱ्या आठवड्यापासून एका वयस्क चालकाशी रोजचे ठरवून टाकले, तेव्हा तोही प्रश्न संपला. चाकाची खुर्ची सोबत असल्यास आणखी एक ध्यानात ठेवावे. पुष्कळ टॅक्सींच्या मागच्या कप्प्यात सीएनजीची टाकी असते, तेथे घडीची खुर्चीही मावत नाही. टपावर सामानाची जाळी असलेली गाडी पाहावी.

लोकल गाडीने रुग्णाला नेऊ नये, असे मी म्हणणार नाही. दिव्यांगांच्या डब्यातून कर्करोगाच्या रुग्णांनाही प्रवासाची मुभा आहे. रुग्णालयाचे कागद जवळ बाळगावेत आणि दुपारची वेळ निवडावी. परंतु गाडी थांबते अर्ध्या मिनिटाच्या आत, आणि फलाट व पायरी यांमधील फट पाहूनच जीव दडपतो. भुयारी मेट्रोचे मात्र कौतुक वाटले. आरे ते कफ परेड हा मार्ग ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण सुरू झाला. रस्त्यापासून फलाटापर्यंत उद्वाहन, गाडीची पातळी फलाटाशी समान. अडचण एवढीच, की उद्वाहन सहसा एखाद्याच दाराशी असते. ते कोणत्या बाजूला आहे, हे सोबत्याने आदल्या दिवशी एकट्याने जाऊन पाहून यावे. नाहीतर मेट्रोच्या दारात उभे राहून रस्ता ओलांडण्याची पाळी येते.

गावाहून येतानाही हेच गणित. आमची महालक्ष्मी एक्स्प्रेस दादरला थांबते, घरही दादरला. तरीही उपचारांच्या मध्यावर एकदा गावी जाऊन परत येताना आम्ही पुढे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंत गेलो. तेथे गाडी संपते, म्हणून फलाटाच्या टोकापासून थेट रस्त्यापर्यंत सपाट चालत येता येते. दादरला पूल आला. नऊ-दहा किलोमीटर उलट यावे लागले, पायरी एकही लागली नाही. रेल्वेत कर्करोगाच्या रुग्णाला उपचारांसाठी जाता-येता शयनयान आणि वातानुकूलित तृतीय वर्गात भाडे माफ असते, सोबत्यालाही सवलत मिळते. त्यासाठीचा दाखला रुग्णालयातून घ्यावा.

शनिवार-रविवारी काय करावे, हे पत्रात विचारलेले नाही. ते विचारावयास हवे होते. रुग्ण घर आणि यंत्र यांच्यामध्येच फिरत राहिला की त्याचे बोलणे कमी होते. पहिल्या घरात पत्नी पायऱ्यांच्या धास्तीने सुट्टीच्या दिवशी बाहेरच पडत नसे. खिडकीशी बसून राही. तळमजल्यावर आल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी सकाळी तिने स्वतः होऊन विचारले, “अहो, शिवाजी पार्क किती लांब आहे?” ऊन चढण्यापूर्वी आम्ही टॅक्सीने गेलो आणि कट्ट्यावर तासभर बसलो. मुले क्रिकेट खेळत होती. कोणाचा चेंडू कोणाकडे गेला यावरून तिने शेजारच्या आजींशी गप्पा सुरू केल्या, आणि आपण येथे कशासाठी आलो आहोत हे त्या तासाभरात एकदाही सांगितले नाही. पुढचे तिन्ही रविवार तोच कट्टा. (भायखळ्याच्या राणीच्या बागेतही सपाट वाटा आणि भरपूर बाके आहेत, बुधवारी बंद असते.)

कराडच्या भगिनींनी आणखी एक करावे. घराचा पत्ता, इमारतीच्या रखवालदाराचा क्रमांक, रुग्णालयातील नोंदणी क्रमांक आणि चालू औषधे एका पुठ्ठ्यावर ठळक मराठीत लिहून आईच्या पिशवीत ठेवावीत. परक्या शहरात घाबरलेल्या माणसाला स्वतःचा पत्ता आठवत नाही. तातडीच्या रुग्णवाहिकेचा क्रमांक १०८ त्यावरच लिहावा.

निघण्याच्या दिवशी मालकीणबाई अनामत रक्कम घेऊन स्वतः आल्या. स्टूल आणि चटई गाठोड्यात बांधलेली पाहून त्यांनी जरा चाचरत विचारले, ही येथेच ठेवता का? पुढल्या सोमवारी जळगावहून एक आजोबा यायचे होते. पत्नीने गाठोडे सोडले आणि स्टूल न्हाणीघरात जागच्या जागी, भिंतीला टेकवून ठेवून आली.