विद्वानांची परीक्षा उंबरठ्याच्या आंत



मोठा विद्वान गांवांत आला कीं आपण हात जोडून उभे राहतों. त्याच्या तोंडून चार ग्रंथांचीं नांवें निघालीं कीं आपली अक्कल त्याच्या पायाशीं ठेवून मोकळे होतों. पण ज्या ठिकाणीं या गृहस्थाची बुद्धि पोंचली, त्या ठिकाणीं त्याचें मन पोंचलें आहे काय, हें कोणी विचारीत नाहीं.

न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांच्या तोलाचा बुद्धिमान पुरुष त्या काळीं विरळा. विधवांचा पुनर्विवाह व्हावा, ही बाजू त्यांनीं हिरिरीनें मांडली. पण १८७३ सालीं त्यांची पत्नी वारली, आणि मुलगा आतां विधवेशीं लग्न लावील या धास्तीनें वडिलांनीं अकरा वर्षांची मुलगी पाहिली. रानडे तिशी ओलांडलेले, हुद्द्यानें न्यायाधीश. त्यांनीं ‘नको’ म्हणून पाहिलें. वडील संबंध तोडण्याच्या गोष्टी बोलूं लागतांच ते बोहल्यावर चढले. पुढें त्या मुलीला, म्हणजे रमाबाईंना, त्यांनीं शिकविलें, हें त्यांचें पुण्य आहेच. पण ज्या विधवेसाठीं ते झगडत होते, तिच्या पदरांत काय पडलें? व्याख्यान!

दुसरें उदाहरण लोकमान्य टिळकांचें. मार्च १९१८ मध्यें मुंबईस अस्पृश्यता-निवारणाची परिषद भरली. टिळकांनीं तेथें अस्पृश्यतेवर असा प्रहार केला कीं मंडप दणाणला. पण मी स्वतः अस्पृश्यता पाळणार नाहीं, या प्रतिज्ञेचा कागद पुढें आला, तेव्हां त्यांची सही झाली नाहीं.

कोणी म्हणेल, हे ढोंगी होते. आम्ही तसें म्हणत नाहीं. ढोंगी ओळखणें सोपें. अवघड आहे तो प्रामाणिक विद्वान. एका ग्रंथानें बुद्धि पालटते. मन मात्र बापाचा डोळा, आईचे अश्रु आणि जातीची पंगत यांना बांधलेलें राहतें. ती माया खोटी नसते. पण तिची किंमत कोण भरतो तें पाहा. वडिलांचें मन राखलें रानड्यांनीं, किंमत भरली अकरा वर्षांच्या पोरीनें. कागद कोरा राहिला मुंबईस, किंमत भरली गांवोगांव विहिरीपासून दूर उभ्या राहिलेल्या माणसानें.

बाप जोतीराव फुल्यांनाहि होता. १८४९ सालीं त्यानें ‘शाळा सोडा, नाहीं तर घर सोडा’ अशी पाळी आणली. जोतीराव-सावित्रीबाईंनीं घर सोडलें. १८६८ मध्यें त्यांनीं आपल्या घरचा हौद अस्पृश्यांस खुला केला. ब्राह्मण विधवेचा मुलगा दत्तक घेऊन पोटच्यासारखा वाढविला. किंमत स्वतः भरली! आणि हा प्रश्न जातीचा नव्हे. धोंडो केशव कर्वे ब्राह्मणच होते, पण १८९३ सालीं त्यांनीं स्वतः विधवेशीं लग्न केलें व बहिष्कार सोसला.

आतां बोट आपल्याकडे वळवूं. ११ एप्रिलला फुले जयंतीस टाळ्या घेणारे आपले पदवीधर तरुण मे महिन्यांत हुंड्याची बोलणी बापावर सोंपवून गप्प बसतात. १९६१ पासून हुंडा हा कायद्यानें गुन्हा आहे, हें त्यांना पाठ असतें. ‘बाबांचें मन मोडवत नाहीं’ म्हणतात. बाबांचें मन राहतें, मुलीच्या बापाची बांधी विकली जाते!

आमच्या धानाच्या मुलखांत बियाणें मिठाच्या पाण्यांत टाकून पाहतात. पोचट दाणा वर तरंगतो, भरलेला तळाशीं बसतो. दिसायला दोन्ही सारखेच. विद्वानाचें मिठाचें पाणी म्हणजे त्याचें घर. सभेंत तो काय बोलला हें ऐका, जरूर ऐका. पण त्याच्या घरीं लग्न कसें लागलें, पंगतीला कोण बसलें, सुनेला काय मागितलें, हें विचारल्याशिवाय त्याला पुढारी करूं नका. आणि हीच चाळणी आधीं आपल्या उंबरठ्याच्या आंत लावा.

— सौंदडचा एक शाळामास्तर