गुळवेलीचा जमाखर्च

करमाडच्या आमच्या एका व्यापारी स्नेह्यांकडे कोरोनाकाळापासून रोज गुळवेलीचा काढा होतो. कुंपणावरची वेल, खर्च काहीच नाही, लाभच लाभ, असा त्यांचा हिशेब. प्रयोगशाळेत गुळवेलीच्या अर्काचे दाहशामक व ऑक्सिडीकरणरोधक गुण दिसले आहेत, हे खरे. परंतु काचपात्रातील यकृतपेशी म्हणजे माणूस नव्हे. मुंबईत सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात गुळवेल घेणाऱ्या ६ रुग्णांच्या यकृतास इजा झाल्याची नोंद डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. तशीच दिसणारी दुसरी वेल वापरली गेली असावी, असे आयुष मंत्रालयाचे म्हणणे. दोहोंपैकी काहीही खरे असो, धोका घरच्या काढ्यालाच आहे. केवळ जमेची बाजू पाहून खाते जुळत नाही. स्नेह्यांना मी एवढेच विनविले : आधी यकृताची रक्ततपासणी, मग वैद्यांचा सल्ला, तोवर काढा बंद.