न्याय्य पक्षाची अन्याय्य अस्त्रे

दर वर्षी १३ फेब्रुवारीच्या रात्री पावणेदहा वाजता जर्मनीतील ड्रेस्डेन शहरात चर्चच्या घंटा वाजतात. १९४५ साली याच सुमारास त्या शहरात हवाई हल्ल्याचे भोंगे वाजले होते. ब्रिटनच्या सुमारे ८०० विमानांनी त्या रात्री दोन लाटांत स्फोटक व आगलावे बाँब टाकून शहराचा जुना, दाट वस्तीचा भाग पेटवून दिला. दुसऱ्या दिवशी अमेरिकन विमानांनी त्यात आपली भर घातली. रशियन सैन्याच्या धास्तीने पूर्वेकडून पळून आलेले निर्वासित त्या वेळी शहरात दाटले होते. नाझी प्रचारकांनी मृतांचा आकडा फुगवून दोन लाखांवर नेला. शहराने नेमलेल्या इतिहासकारांच्या आयोगाने २०१० साली तो जास्तीत जास्त २५ हजार ठरविला. आकडा खाली आला म्हणून प्रश्न लहान होत नाही. युद्ध संपण्यास जेमतेम तीन महिने उरले असता हजारो बायका, मुले, वृद्ध व निर्वासित यांना जाळून मारण्याचा अधिकार कोणास, कोणत्या नात्याने प्राप्त झाला होता, हा तो प्रश्न आहे.

हा प्रश्न अवघड होतो तो एका कारणाने. ड्रेस्डेन जाळणारा पक्ष त्या युद्धात न्यायाचा पक्ष होता. हिटलरचा पराभव ही मानवजातीची गरज होती, याविषयी आमच्या मनात यत्किंचितही शंका नाही. दुर्जनाच्या अत्याचाराचा निषेध करण्यास फारसे धैर्य लागत नाही. कसोटी लागते ती ज्यांचा विजय आपण इच्छितो त्यांच्या कृत्याचा न्याय करताना. आमचे मत आम्ही आरंभीच सांगून टाकतो. युद्धाचा हेतू न्याय्य असला तरी निरपराध नागरिकांना हेतुपुरस्सर लक्ष्य करण्याचा परवाना त्यातून मिळत नाही. आणि ‘शत्रूने आधी केले’ हे समर्थन तर मुळीच ग्राह्य नाही. हवाई युद्धातील पातकांची शिडी याच समर्थनाच्या पायऱ्यांनी बनलेली आहे.

या शिडीच्या तळाशी वसाहतींतील माणसे आहेत. विमानातून बाँब टाकण्याचा आरंभ १९११ साली लिबियात झाला. टाकणारे इटालियन होते, खाली तुर्क व अरब होते. एप्रिल १९१९ मध्ये, जालियनवाला बागेतील हत्याकांडाच्या दुसऱ्याच दिवशी, ब्रिटिश विमानांनी गुजरानवाला येथे व आसपासच्या खेड्यांवर बाँब टाकले आणि मशीनगनच्या गोळ्यांचा वर्षाव केला. त्यानंतरच्या दशकात इराकमधील खेडी आणि आपल्या वायव्य सरहद्दीवरील टोळ्यांच्या वस्त्या वठणीवर आणण्यासाठी विमाने वापरणे हा साम्राज्याचा स्वस्त बंदोबस्त ठरला. या दोन्ही ठिकाणी विमानतुकड्यांचे नेतृत्व करणारा आर्थर हॅरिस हा अधिकारी १९४२ साली जर्मन शहरांवरील बाँबफेकीचा सूत्रधार झाला, ही गोष्ट केवळ योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. परतंत्र लोकांच्या खेड्यांवर जे शस्त्र परजले गेले, तेच वीस वर्षांत युरोपच्या शहरांवर उतरले.

हे अधर्म्य आहे याची जाणीव त्या काळी कोणालाच नव्हती असेही नाही. २६ एप्रिल १९३७ रोजी, ऐन बाजाराच्या दिवशी, हिटलरने फ्रँकोच्या साह्यार्थ पाठविलेल्या विमानांनी स्पेनमधील गर्निका हे गाव उद्ध्वस्त केले, तेव्हा जगभर संतापाची लाट उसळली. जून १९३८ मध्ये पंतप्रधान चेंबरलेन यांनी ब्रिटिश पार्लमेंटात स्वच्छ सांगितले, की नागरी लोकवस्तीवर मुद्दाम हल्ला करणे आंतरराष्ट्रीय कायद्याच्या विरुद्ध आहे. १ सप्टेंबर १९३९ रोजी, युद्ध पेटले त्याच दिवशी, अध्यक्ष रूझवेल्ट यांनी युद्धमान राष्ट्रांना हे पातक टाळण्याचे आवाहन केले. ब्रिटन, फ्रान्स आणि जर्मनी या तिघांनीही त्यास होकार दिला. त्याच महिन्यात जर्मन विमानांनी वॉर्सा भाजून काढले. मे १९४० मध्ये रॉटरडॅमची पाळी आली, सप्टेंबरपासून लंडनची. ब्रिटिश शहरांवरील या हल्ल्यांत मे १९४१ पर्यंत ४० हजारांहून अधिक नागरिक प्राणास मुकले. शब्द कोणी मोडला याविषयी संदेह नाही.

परंतु त्यानंतर ब्रिटनने जे केले ते निव्वळ संतापाच्या भरात केले, असे म्हणता येत नाही. ऑगस्ट १९४१ मध्ये एका सरकारी अहवालाने छायाचित्रांवरून दाखवून दिले, की लक्ष्यावर हल्ला केल्याचा दावा करणाऱ्या विमानांपैकी जेमतेम एकतृतीयांश विमानेच लक्ष्याच्या पाच मैलांच्या आत पोहोचत होती. रात्रीच्या अंधारात कारखाना सापडत नाही, शहर मात्र सापडते. तेव्हा शहरालाच लक्ष्य ठरवावे, हा निष्कर्ष कार्यालयात बसून, शांतपणे काढला गेला. १४ फेब्रुवारी १९४२ च्या आदेशात शत्रूच्या नागरिकांचे, विशेषतः कामगारांचे, मनोधैर्य खच्ची करणे हे मुख्य उद्दिष्ट म्हणून नमूद झाले. दुसऱ्याच दिवशी विमानदळप्रमुख पोर्टल यांनी खुलासा केला, की नेम धरायचा तो दाट वस्तीवर; गोद्यांवर वा विमानांच्या कारखान्यांवर नव्हे. पावणेचार वर्षांपूर्वी ज्या कृत्यास त्यांच्याच पंतप्रधानांनी बेकायदा म्हटले होते, ते आता सरकारी कागदावर धोरण झाले. जुलै १९४३ च्या अखेरीस हँबुर्गमध्ये या धोरणाचे पूर्ण रूप दिसले. आगीचे वादळ उठले, तळघरांत आसरा घेतलेली माणसे गुदमरून मेली आणि आठवडाभरात ३५ ते ४० हजार जीव गेले.

या धोरणास ब्रिटनमधूनच विरोध झाला, ही गोष्ट त्या देशास भूषणावह आहे. ९ फेब्रुवारी १९४४ रोजी चिचेस्टरचे बिशप जॉर्ज बेल यांनी लॉर्ड्सच्या सभागृहात सरकारला जाब विचारला. बेल हे काही भाबडे शांततावादी नव्हते, शत्रूचे हस्तक तर नव्हतेच. हिटलरच्या विरोधकांना व निर्वासितांना साह्य करण्यात त्यांनी दहा वर्षे खर्ची घातली होती. लष्करी लक्ष्यांवर हल्ला करताना आसपासचे नागरिक मरणार, हे त्यांना मान्य होते. त्यांचे म्हणणे इतकेच होते, की शहरात कारखाने आहेत म्हणून अखंड शहर नष्ट करणे ही वेगळी गोष्ट आहे आणि तिचे समर्थन होऊ शकत नाही. त्याच वर्षी कँटरबरीचे आर्चबिशपपद रिकामे झाले असता ते बेल यांच्याकडे आले नाही, ते या भाषणामुळेच, असे पुष्कळजण मानतात.

या बाँबफेकीच्या समर्थकांचे म्हणणे आम्ही टाळू इच्छित नाही. १९४१ साली एकाकी पडलेल्या ब्रिटनपाशी जर्मनीवर थेट प्रहार करण्याचे दुसरे साधन नव्हते, हे खरे आहे. या हल्ल्यांमुळे जर्मनीच्या तोफा व लढाऊ विमाने स्वदेशाच्या रक्षणात गुंतून पडली, हेही खरे. ब्रिटिश बाँबफेकी दळाचे ५५ हजारांहून अधिक तरुण वैमानिक व सहकारी त्यात मरण पावले. त्यांच्या शौर्यास कोणी उणे लेखू नये. तथापि ज्या मनोधैर्याच्या खच्चीकरणासाठी हे सारे आरंभिले, ते मनोधैर्य लंडनमध्ये खचले नव्हते तसेच जर्मनीतही खचले नाही. जर्मनीच्या शस्त्रोत्पादनाने आपली उच्चतम पातळी गाठली ती १९४४ साली. आणि १९४१ ची निकड १९४५ च्या फेब्रुवारीत राहिली नव्हती. २८ मार्च १९४५ रोजी खुद्द चर्चिल यांनी सेनाप्रमुखांना लिहिले, की अन्य निमित्ते पुढे करून केवळ दहशत वाढविण्यासाठी चाललेल्या या बाँबफेकीचा फेरविचार करण्याची वेळ आली आहे. सेनाधिकारी नाराज झाले, तेव्हा ते टिपण मागे घेऊन त्यांनी सौम्य शब्दांत दुसरे लिहिले. सत्य एकदा कागदावर उतरले आणि चार दिवसांत पुसले गेले.

निकडीच्या नावाने स्वीकारलेले साधन निकड संपल्यावर आपणहून सुटत नाही. जर्मनीत जे चालले तेच जपानात अधिक भयानक रूपाने चालले. ९ मार्च १९४५ च्या रात्री लाकडी घरांच्या टोकियोवर अमेरिकन विमानांनी आगलावे बाँब टाकले आणि सकाळपर्यंत सुमारे एक लाख माणसे मेली. पुढील पाच महिन्यांत साठांहून अधिक जपानी शहरे या रीतीने भाजली गेली. ऑगस्टमध्ये हिरोशिमा व नागासाकी येथे अणुबाँब पडले. त्या वर्षाच्या अखेरपर्यंत तेथील मृतांची संख्या दोन लाखांच्या वर गेली. टोकियोनंतर हिरोशिमाचा निर्णय घेणाऱ्यांस नवी नैतिक सीमा ओलांडावीच लागली नाही. ती केव्हाच मागे पडली होती.

यातील एक तारीख ध्यानात ठेवण्याजोगी आहे. हिरोशिमावर बाँब पडला ६ ऑगस्टला, नागासाकीवर ९ ऑगस्टला. मधल्या ८ ऑगस्टला लंडन येथे विजेत्या राष्ट्रांनी न्यूरेंबर्ग खटल्याच्या सनदेवर सह्या केल्या. शहरे व खेडी यांचा निष्कारण विध्वंस हा युद्धगुन्हा होय, असे तीच सनद सांगते. त्या खटल्यात जर्मन शहरांविषयी तर राहोच, वॉर्सा व लंडन यांवरील बाँबफेकीबद्दलही कोणास शिक्षा झाली नाही. कारण ती करू जाता आरसा समोर आला असता. टोकियोच्या न्यायासनावर बसलेले आपले न्यायमूर्ती राधाबिनोद पाल यांनी मात्र आपल्या भिन्नमतपत्रिकेत अणुबाँबच्या निर्णयाची तुलना नाझी नेत्यांच्या आदेशांशी करण्याचे धैर्य दाखविले. त्यांच्या निवाड्यातील सर्वच मते सर्वांना पटतील असे नाही. पण जो कायदा जिंकणाऱ्यास लागू होत नाही त्यास कायदा म्हणता येत नाही, हा त्यातील आशय निर्विवाद आहे.

आपल्या परंपरेने हा प्रश्न फार पूर्वी विचारला आहे. महाभारताच्या सौप्तिक पर्वात अश्वत्थामा रात्री पांडवांच्या शिबिरात शिरून निद्रिस्तांची कत्तल करतो. त्याच्यापाशीही कारण होते: द्रोणांचा वध कपटाने झाला होता. व्यासांनी ते कारण लपविलेले नाही आणि ते कृत्य क्षम्यही मानलेले नाही. त्याच पर्वात कृपाचार्य आहेत. झोपलेल्यांना मारणे अधर्म आहे असे ते आधी भाच्याला बजावतात. आणि मग शिबिराच्या दारात उभे राहून पळू पाहणाऱ्यांना कापून काढतात. अश्वत्थामे इतिहासात थोडे असतात, कृपाचार्य पुष्कळ. चूक ओळखणाऱ्या, आणि तरीही दार राखणाऱ्या अशाच सज्जनांच्या भरवशावर शहरे जळतात.

जगाला शहाणपण उशिरा आले, पण आले. जिनीव्हा करारांना १९७७ साली जोडलेल्या पहिल्या प्रोटोकॉलने नागरिक व सैनिक यांत भेद करणे बंधनकारक केले. अखंड शहरास एकच लक्ष्य समजणारी बाँबफेक निषिद्ध ठरविली. लष्करी लाभाच्या मानाने नागरी हानी अवाजवी होणार असेल तर हल्ला करू नये, असा दंडक घातला. आणि शत्रूने नियम मोडला तरी त्याच्या नागरिकांवर सूड उगवता येणार नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. ‘त्यांनी आधी केले’ ही पायरी कायद्याने काढून टाकली ती अशी.

हा नियम आपण स्वतःस लावला पाहिजे. १८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय विमानांनी दाबोळीच्या विमानतळावर बाँब टाकले ते धावपट्टीवर; प्रवाशांच्या इमारतीस धक्का लावू नये अशी सूचना वैमानिकांना होती. त्या संयमाची किंमतही पडली. त्याच रात्री धावपट्टीचा भाग घाईने दुरुस्त करून दोन विमाने पोर्तुगीजांना घेऊन निसटली. ती निसटली म्हणून गोव्याच्या मुक्तीत काही उणे राहिले नाही. गोमंतकीयांना या संयमाचा सार्थ अभिमान आहे. पण खाली आपलीच माणसे आहेत ही जाणीव सर्वत्र टिकली नाही. मार्च १९६६ मध्ये मिझो बंडाच्या वेळी आपल्याच विमानांनी आपल्याच ऐझॉल शहरावर मारा केला. बंड मोडणे हे सरकारचे कर्तव्य होते. बाजारपेठ व घरे पेटविणे हे कर्तव्य नव्हते. दाबोळीचे श्रेय घेणाऱ्याने ऐझॉलचे उत्तरदायित्वही घेतले पाहिजे. १९७७ च्या त्या प्रोटोकॉलमध्ये भारत अद्याप सामील झालेला नाही. ज्या देशाच्या संसदेने हिरोशिमाच्या मृतांना आदरांजली वाहिली आहे, त्याला ही अलिप्तता शोभत नाही.

शिक्षेवाचून सुटलेला गुन्हा पुढे दाखला म्हणून उभा राहतो. मार्च २०२२ मध्ये युक्रेनमधील मारियुपोल येथे जे नाट्यगृह रशियन बाँबने उद्ध्वस्त केले, त्याच्या बाहेर जमिनीवर आकाशातून दिसेल अशा मोठ्या अक्षरांत ‘मुले’ असे रशियन भाषेत लिहिलेले होते. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने इस्रायलमध्ये सुमारे १२०० माणसे मारली, त्यांत बहुसंख्य नागरिक होते. ते कृत्य अघोरी होते. त्यानंतरच्या इस्रायली मोहिमेत गाझातील मृतांची संख्या, तेथील आरोग्य खात्याच्या नोंदीनुसार, जुलै २०२५ अखेर ६० हजारांच्या वर गेली आणि त्यांत मुलांची संख्या हजारोंनी होती. या मोहिमेच्या समर्थकांनी दाखले कोणते दिले? दुसऱ्या महायुद्धातील दोस्त राष्ट्रांच्या बाँबफेकीचे! जे न्यूरेंबर्गमध्ये विचारले गेले नाही, त्याचे उत्तर आज दुसरेच कोणी देत आहेत.

आपल्या मित्रराष्ट्राचे बाँब आणि शत्रुराष्ट्राचे बाँब यांना दोन तराजू लावण्याची सवय सरकारांना असते. वृत्तपत्रांना व नागरिकांना ती लागता कामा नये. ज्याचा पक्ष आपल्याला न्याय्य वाटतो त्यालाच आधी जाब विचारणे, हे चिचेस्टरच्या त्या धर्मगुरूने करून दाखविले. तेवढे आपल्याला करता येत नसेल तर शिबिराच्या दारात उभे राहणाऱ्यांत आपलीही गणना होईल.