तालीम: वर्गातली आणि मैदानावरची

'तालीम' हा शब्द तुमच्या रोजच्या बोलण्यातला आहे. उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण. हाच शब्द मराठीतही आहे. पण मराठीत तालीम म्हणजे व्यायामशाळा, कुस्तीचा आखाडा. पेणच्या किंवा रोह्याच्या बाजारात एखाद्या मराठी माणसाला तुम्ही सांगितले, की सध्या माझी तालीम जोरात चालू आहे, तर तो तुमच्या वह्या-पुस्तकांची चौकशी करणार नाही. तो तुमच्या दंडाकडे पाहील. कोल्हापुरात तर फुटबॉलचे नामवंत संघच तालमींचे आहेत. संघाचे नाव 'तालीम मंडळ' आणि खेळ फुटबॉलचा!

एकाच शब्दाचे हे दोन अर्थ. एक बुद्धीचा, दुसरा शरीराचा. हे दोन्ही अर्थ एकाच माणसात नांदू शकतात का? मला वाटते, नांदू शकतात. एवढेच नव्हे, तर ते नांदलेच पाहिजेत.

आपल्याकडे मात्र उलटा समज आहे. मूल नववी-दहावीत गेले, की घरातले सर्वजण सांगू लागतात, "आता खेळ पुरे, अभ्यासाला लाग." ज्याला किंवा जिला डॉक्टर व्हायचे आहे, त्याच्यावर तर हा नियम आणखी कडक. चेंडू माळ्यावर जातो, बूट लहान भावाला मिळतात. मुलींच्या बाबतीत तर दहावीचीही वाट पाहिली जात नाही. खेळणे म्हणजे वेळ वाया घालवणे, असा हा हिशेब आहे. हा हिशेब बरोबर आहे का, हे आपण डॉक्टरांनाच विचारू या.

फुटबॉल आणि डॉक्टर यांचे नाते जुने आहे. इंग्लंडमध्ये १८८९ साली प्रेस्टन या संघाने एफ. ए. कप ही प्रसिद्ध स्पर्धा जिंकली. त्या संघाचे गोलरक्षक होते रॉबर्ट मिल्स-रॉबर्ट्स. ते वेल्सकडूनही खेळत. डॉक्टरकी हा त्यांचा व्यवसाय होता. पुढे वेल्समधील दगडाच्या खाणीवर काम करणाऱ्या मजुरांसाठी जे रुग्णालय होते, तेथे ते शस्त्रक्रिया करत. फुटबॉल हे त्यांच्या पोटापाण्याचे साधन नव्हते. अशा खेळाडूला आपण हौशी खेळाडू म्हणतो. हौस म्हणजे आवड, तुमच्या भाषेतला शौक. हौशी खेळाडू पैशासाठी खेळत नाही. खेळावर प्रेम असते, म्हणून खेळतो.

आपल्या देशातही असाच एक थोर हौशी खेळाडू होऊन गेला. त्यांचे नाव डॉ. तालिमेरेन आओ. लोक त्यांना टी. आओ म्हणत. त्यांचा जन्म १९१८ साली नागा टेकड्यांमधील चांगकी या गावी झाला. वडील धर्मोपदेशक होते. १९३५ साली विषमज्वराने, म्हणजे टायफॉइडने, वडिलांचे निधन झाले. मुलाने डॉक्टर होऊन आपल्या लोकांची सेवा करावी, ही त्यांची इच्छा होती. मुलाने ती मनात जपली. तो शिकत राहिला आणि खेळतही राहिला. गुवाहाटीहून तो कोलकात्याला गेला. तेथील कारमायकेल वैद्यकीय महाविद्यालयात त्याला प्रवेश मिळाला. त्याच शहरात तो मोहन बागान या नामांकित संघातून खेळू लागला आणि पुढे त्या संघाचा कर्णधार झाला.

१९४८ साली लंडनमध्ये ऑलिम्पिक स्पर्धा भरल्या. देश स्वतंत्र होऊन अजून एक वर्षही पुरे झाले नव्हते. भारताच्या फुटबॉल संघाचे नेतृत्व टी. आओ यांच्याकडे आले. उद्‌घाटनाच्या संचलनात देशाचा तिरंगाही त्यांच्याच हाती होता. ३१ जुलै रोजी भारताचा सामना फ्रान्सशी झाला. आपले बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले. एका पत्रकाराने याचे कारण विचारले, तेव्हा आओ हसून म्हणाले म्हणे, की आमचा खेळ फुटबॉल आहे, तुमचा बूटबॉल! भारताला दोन पेनल्टी मिळाल्या; दोन्ही वाया गेल्या. सामना भारताने २-१ असा गमावला. पण अनवाणी पायांनी खेळणाऱ्या या संघाचे इंग्लंडच्या लोकांनी मनापासून कौतुक केले.

आता या कथेतला महत्त्वाचा भाग पाहा. आर्सेनल या इंग्लंडमधील मोठ्या संघाने आओंना आपल्याकडे खेळण्याचे आमंत्रण दिले होते, असे सांगतात. त्यांनी ते नाकारले. ते परत आले, अभ्यासाला बसले आणि १९५० साली एम.बी.बी.एस. झाले. नंतर ते आपल्या लोकांत परतले. कोहिमाच्या रुग्णालयात त्यांनी काम केले. नागालँड राज्य झाल्यावर ते तेथील आरोग्य सेवेचे संचालक झाले आणि १९७८ साली निवृत्त झाले. १९९८ साली त्यांचे निधन झाले. आज ईशान्य भारतात त्यांच्या नावाने फुटबॉलची स्पर्धा खेळली जाते.

तुमच्यापैकी एखादा चतुर विद्यार्थी म्हणेल, "पाहा, शेवटी त्यांनीही खेळापेक्षा डॉक्टरकीच निवडली. शिवाय डॉक्टर होईपर्यंत त्यांचे वय ३२ झाले!" ही शंका योग्य आहे आणि ती झाकून ठेवण्याचे कारण नाही. दोन कामे एकत्र करणाऱ्याला वेळ अधिक लागू शकतो. पण विचार करा. आओंनी जी निवड केली, ती खेळ आणि अभ्यास यांच्यातली नव्हती. ती पैसे घेऊन खेळणे आणि लोकांची सेवा करणे यांच्यातली होती. शिकत असताना त्यांनी चेंडू माळ्यावर टाकला नाही. वडिलांची इच्छा पूर्ण झाली आणि देशाला कर्णधारही मिळाला.

पुढे काळ बदलला. फुटबॉलमध्ये पैसा वाढला. मोठ्या संघांतील खेळाडू दिवसभर फक्त फुटबॉलच खेळू लागले. १९८४ पासून ऑलिम्पिकच्या फुटबॉलमध्येही व्यावसायिक खेळाडूंना प्रवेश मिळाला. त्यामुळे एकच माणूस डॉक्टरही आणि राष्ट्रीय खेळाडूही, हे दृश्य दुर्मीळ झाले. ब्राझीलचे सॉक्रेटिस हे एक ठळक अपवाद. १९८२ च्या विश्वचषकात ते ब्राझीलचे कर्णधार होते. फुटबॉल खेळत असतानाच त्यांनी वैद्यकीय पदवी मिळवली होती. दुःखाची गोष्ट ही, की दारूच्या व्यसनाने त्यांची प्रकृती खालावली आणि २०११ साली, वयाच्या ५७ व्या वर्षी, ते वारले. शरीराचे ज्ञान असणे वेगळे आणि शरीराची काळजी घेणे वेगळे, हेही त्यांच्यापासून शिकावे.

हॉकीत असेच एक नाव आहे. गोव्यात जन्मलेले डॉ. वेस पेस १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक जिंकणाऱ्या भारतीय हॉकी संघात होते. पुढे ते क्रीडावैद्यकाचे जाणकार झाले. खेळताना स्नायू का दुखावतो, तो कसा बरा करायचा, हे त्यांनी पुस्तकांतून शिकले होते आणि मैदानावर अनुभवलेही होते. २०२५ साली त्यांचे निधन झाले. टेनिसपटू लिएंडर पेस हे त्यांचे चिरंजीव.

मग बाकीच्या डॉक्टरांनी खेळ सोडून दिला का? मुळीच नाही. त्यांनी आपल्या स्वतंत्र स्पर्धा भरवल्या. १९७८ पासून डॉक्टर व आरोग्यसेवकांचे जागतिक क्रीडा सामने युरोपात भरू लागले. त्यांत धावणे, पोहणे आणि इतर खेळांबरोबर फुटबॉलही असे. १९९५ पासून तर केवळ डॉक्टरांची जागतिक फुटबॉल स्पर्धा सुरू झाली. निरनिराळ्या देशांचे डॉक्टर आपापल्या देशाचा पोशाख घालून या स्पर्धेत उतरतात. त्याच दिवसांत क्रीडावैद्यकावर परिषदही होते. म्हणजे मैदानावर सामना आणि सभागृहात चर्चा! तालीम शब्दाचे दोन्ही अर्थ तेथे एकत्र येतात.

या डॉक्टरांना फुटबॉलमधून नोकरी मिळत नाही. वर्तमानपत्रांत मोठी छायाचित्रे छापून येत नाहीत. रुग्णांची गर्दी, रात्रपाळी आणि संसार सांभाळून ते सराव करतात. तरीही ते खेळतात. का? कारण ज्याला रोज इतरांची दुखणी पाहायची आहेत, त्याला स्वतःचे शरीर आणि मन ताजे ठेवावे लागते. शिवाय सहकाऱ्यावर विश्वास ठेवणे, हरल्यावर राग न धरणे, क्षणात निर्णय घेणे हे सारे मैदान शिकवते. शस्त्रक्रियेच्या वेळी याच गुणांची गरज पडते.

आपल्या पेण तालुक्यातील गागोदे हे विनोबा भावे यांचे जन्मगाव. विनोबांनी अनेक भाषांचा अभ्यास केला. अरबी शिकून कुराणाचेही मनन केले. असा विद्वान माणूस वयाच्या ५५ व्या वर्षी, १९५१ साली, भूदानासाठी पायी निघाला आणि सुमारे तेरा वर्षे देशभर चालत राहिला. पुस्तकांत रमणाऱ्या माणसाने शरीर वापरायचे नसते, असे त्यांनी मानले नाही.

म्हणून माझे स्पष्ट मत असे, की परीक्षेचे वर्ष असले तरी खेळ बंद करू नये. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की ५ ते १७ वर्षांच्या मुलामुलींना रोज सरासरी ६० मिनिटे अंगमेहनतीची हालचाल हवी. चोवीस तासांतला हा एकच तास. अभ्यासाच्या वेळी अभ्यास आणि खेळाच्या वेळी खेळ, एवढी शिस्त पाळली तर पालकांची तक्रारही उरणार नाही.

पेण काय किंवा रोहा काय, भातकापणी झाली की शेते मोकळी होतात. शाळेचे अंगण आहेच. कबड्डी तर आपल्या रायगडच्या मातीतच आहे. तिला चेंडूही लागत नाही. फुटबॉलला एक चेंडू आणि चार दगड पुरतात. शाळांनी आणि पालकांनी एक काम मात्र जरूर करावे. मैदानावर मुलींसाठी ठरावीक वेळ राखून ठेवावी. उद्याच्या डॉक्टर त्यांच्यातही आहेत. त्यांच्याही शरीराला उन्हाची, वाऱ्याची आणि धावण्याची गरज आहे.

तुमच्यापैकी सारेच टी. आओ होणार नाहीत. सारेच डॉक्टरही होणार नाहीत. कुणी शिक्षक होईल, कुणी दुकान चालवेल, कुणी रोह्याच्या कारखान्यात जाईल. पण जो कोणी जे काही होईल, त्याने आपला खेळ बरोबर न्यावा. उर्दूची तालीम आणि मराठीची तालीम, दोन्ही तुमच्या वाट्याला आल्या आहेत. दोन भाषा शिकणाऱ्याचा हा खास फायदा आहे. त्यांतली एक घेऊन दुसरी सोडू नका.