मार्कशीट सरकार सांभाळतं, पोरांनी लिहिलेलं कोण सांभाळणार?

मागच्या बुधवारी बातम्या पाठवून चहाला निघालो होतो, तेवढ्यात एका माजी विद्यार्थिनीचा फोन आला. "सर, माझं सगळं गेलं." मला वाटलं, मोबाईल चोरीला गेला. मोबाईल जागेवर होता. दोन वर्षांत लिहिलेले ६३ लेख नि बातम्या गेल्या होत्या.

ही मुलगी आपल्याच तालुक्यातल्या एका कॉलेजात पत्रकारिता शिकली. मी तिथं तासिका तत्त्वावर शिकवायला जायचो. कॉलेजने मोठ्या हौसेने प्रत्येक विद्यार्थ्याला आपल्या वेबसाईटवर एकेक ब्लॉग काढून दिला होता. कमिटी आली तेव्हा प्रोजेक्टरवर तोच दाखवला, टाळ्या घेतल्या. बाकीच्या पोरांनी शिक्षक दिन, दिवाळी अशा चार पोस्टी टाकून विषय संपवला. हिने मात्र मनावर घेतलं. एसटी स्टँडवरच्या बायकांच्या स्वच्छतागृहाला कुलूप का, ऊसतोडीला गेलेल्या घरातली लेकरं शाळेसाठी मागे कुणाच्या भरवशावर राहतात, टँकरच्या खेपा कागदावर किती आणि वस्तीवर किती. टँकरचं तर तिने २१ दिवस वस्तीवर बसून वहीत तारीखवार लिहिलं. त्या बातमीची प्रिंट घेऊन माणसं तहसीलला गेली होती, हे इथल्या बऱ्याच जणांना आठवत असेल. आम्ही पेपरवाल्यांनी ती बातमी नंतर उचलली. मी पण उचलली, आणि तिचं नाव टाकलं नाही. ते चुकलंच.

तर, यंदा कॉलेजने वेबसाईटचं काम नव्या माणसाला दिलं. नवी साईट झकास आहे. वर संस्थाचालकांचे फोटो सरकतात, खाली बक्षीस समारंभाचे फोटो सरकतात. विद्यार्थ्यांचा विभाग तेवढा गायब. सूचना दिली होती म्हणे. कुठं दिली? चालू वर्षाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, आठ दिवस आधी. पास होऊन गेलेली पोरं त्या ग्रुपात नाहीतच, आणि त्यांचे कॉलेजचे मेल आयडी निकालानंतर बंद केलेले. हिला कळलं कधी, तर जिल्ह्याच्या ठिकाणी एका दैनिकाच्या ऑफिसात मुलाखतीला बसल्यावर. बायोडेटातल्या लिंकवर तिथल्या साहेबांनी क्लिक केलं आणि स्क्रीनवर आलं, 'पान सापडले नाही'. साहेब म्हणाले, दुसरं काही दाखवायला आहे का? नव्हतं.

मी कॉलेजात गेलो. चहा मिळाला, उत्तर मिळालं नाही. जे मिळालं ते असं: "पोरांनी बॅकअप घ्यायला नको का? आम्ही किती वर्षं सांभाळायचं? सर्व्हरवर जागा काय फुकट मिळते?"

जागेचा हिशोब करू. युनिकोडमध्ये मराठीचं एक अक्षरचिन्ह साठवायला तीन बाइट लागतात. नऊशे शब्दांचा लेख धरला तर १५-१६ केबी होतो. असे ६३ लेख म्हणजे साधारण एक एमबी. बक्षीस समारंभाचा मोबाईलवर काढलेला एक फोटो याच्यापेक्षा मोठा असतो! फोटोंना जास्त जागा लागते, कबूल. पण मग जागा नाही असं म्हणू नका. कुणाच्या फोटोला जागा आहे ते सांगा.

आता बॅकअप. घेतला होता तिने. दुसऱ्या वर्षी, तेव्हापर्यंतच्या ४१ लेखांचा. वर्डप्रेसवर निर्यात नावाची सोय असते, त्यातून एक एक्सएमएल फाईल हातात पडते. ती फाईल उघडून आम्ही दोघं परवा रात्री बसलो, नव्या ठिकाणी चढवली. मजकूर आला. फोटो एकही आला नाही. कारण त्या फाईलमध्ये फोटो नसतातच, फोटोंचे फक्त पत्ते असतात. नवी साईट ते फोटो जुन्या सर्व्हरवरून ओढून घेते, आणि जुना सर्व्हर तर बंद. म्हणजे घर हलवायचं तर जुन्या घराचं दार उघडं असतानाच हलवावं लागतं. टँकरच्या बातमीत रिकाम्या पिंपांचा, तारखेसकट काढलेला फोटो होता. पुरावा तोच होता. हे वर्गात शिकवायचं काम कुणाचं? माझं पण होतं. मी मथळे नि इंट्रो शिकवत बसलो.

पुढचे पाच लेख इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर सापडले. आयुष्यात कधी इथं पाय न ठेवलेल्या परदेशातल्या एका संस्थेने आपल्या तालुक्याची बातमी जपून ठेवली, आणि बस स्टँडपासून चालत जाता येईल अशा कॉलेजने पुसली. उरलेल्या १७ लेखांचा पत्ता नाही.

मुळात हे लिखाण होतं कुणाचं? १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात लेखक हाच पहिला मालक. नोकरीत असताना मालकासाठी लिहिलेलं वेगळं. विद्यार्थी काय कॉलेजचा नोकर असतो का? उलट फी भरतो. साध्या भाडेकरूला सुद्धा घर रिकामं करायला महिनाभराची मुदत देतात हो, आणि सामान तरी त्याच्या हवाली करतात.

युरोपात २०१८ पासून लागू असलेल्या नियमांत माणसाला स्वतःचा डेटा एका सेवेकडून घेऊन दुसरीकडे नेण्याचा हक्क लिहून दिलाय. आपल्याकडे २०१९ च्या विधेयकात तसं कलम होतं. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला तेव्हा ते गळालं. संसदेत कुणाला त्याची चुकचुक वाटल्याचं मला तरी दिसलं नाही. मार्कशीट मात्र डिजिलॉकरमध्ये सुखरूप! म्हणजे हिला पत्रकारितेत किती मार्क पडले ते जन्मभर दाखवता येईल, पत्रकारिता काय केली ते दाखवता येणार नाही.

एक गोष्ट लोक मला खासगीत विचारतायत. टँकरच्या बातमीमुळे मुद्दाम काढलं का? त्या बातमीवरून तेव्हा कॉलेजात फोन गेला होता, हे मला माहीत आहे. पण पुरावा नाही, म्हणून मी तसं म्हणणार नाही. माझ्या मते हा निव्वळ निष्काळजीपणा आहे. पण मुद्दाम काढलं असतं तरी हेच झालं असतं, अगदी असंच, आणि कुणाला काही सिद्ध करता आलं नसतं. याचा विचार करा.

मी हे अनुभवातून बोलतोय. माझा डिप्लोमा झाला तेव्हा आम्ही पोरांनी एका फुकट सेवेवर पान काढलं होतं, युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये. जिओसिटीज २००९ ला बंद झालं, ऑर्कुट २०१४ ला, तसं आमचंही एक दिवस गेलं. सीडीवर मजकूर आहे, पण तो फॉन्ट नाही. उघडलं की इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. माझी पहिली बातमी आज मलाच वाचता येत नाही.

कॉलेजकडे मागणी फार मोठी नाही. निकालानंतर एक वर्ष मुदत द्या. दाखल्याबरोबर पोराच्या हातात त्याच्या लिखाणाची फाईल द्या, फोटोंसकट. जुन्या पत्त्यावर आलेल्या वाचकाला नव्या पत्त्यावर पाठवायची सोय करा. पोस्टात पत्ता बदलल्याचा अर्ज देतो तसंच ते असतं, वेबसाईटवाल्याला अर्ध्या तासाचं काम. आणि वर्षातून एकदा निवडक लिखाणाच्या प्रिंट काढून ग्रंथालयात बांधून ठेवा, जसे कॉलेजचे जुने वार्षिकांक अजून तिथं कपाटात आहेत. निवेदन मी आणि काही पालक मिळून सोमवारी देतोय. ज्यांची पोरं तिथं शिकली त्यांनी अकरा वाजता गेटवर यावं.

आणि आत्ता शेवटच्या वर्षाला असलेल्या पोरापोरींनो, निकालाची वाट बघू नका. स्वतःच्या नावाचं डोमेन घ्या, आपल्या मोबाईलच्या वर्षभराच्या रिचार्जपेक्षा कमी खर्च येतो. ते कॉलेजच्या मेलवर नोंदवू नका, स्वतःच्या मेलवर नोंदवा. कॉलेजची साईट चालू आहे तोवर मजकूर आणि फोटो हलवून घ्या, एकेक पान उघडून तपासा, मगच निश्चिंत व्हा. अडलं तर रविवारी सकाळी माझ्या ऑफिसात या, लॅपटॉप घेऊन.

टँकरच्या बातमीचा दुसरा भाग अजून सापडलेला नाही. रिकाम्या पिंपांचा फोटोही नाही. तेव्हा तो व्हॉट्सॲपवर खूप फिरला होता. कुणाच्या मोबाईलमध्ये स्क्रीनशॉट असेल, किंवा तहसीलला दिलेली प्रिंट कुणाच्या घरी फाईलला लावलेली असेल, तर मला मेसेज करा. मी येऊन घेऊन जाईन.