लेन्स घेण्याआधी कॅमेरा पाहा

मिररलेस कॅमेऱ्याला अॅडॉप्टर लावला की कोणतीही जुनी वाइड लेन्स चालते, असा समज आपल्या व्यवसायात रुजू लागला आहे. लेन्स बसते हे खरे, पण बसणे वेगळे आणि कोपऱ्यापर्यंत स्वच्छ चित्र देणे वेगळे. वाइड लेन्सची घडण ती ज्या कॅमेऱ्यासाठी बनली त्यावर ठरते.

एसएलआरमध्ये लेन्सच्या मागे हलता आरसा असतो. निकॉनच्या एफ माउंटपासून फिल्मपर्यंतचे अंतर ४६.५ मिमी आहे. तिथे साध्या रचनेची २० मिमी लेन्स लावली, तर तिचा मागचा भाग आरशाच्या वाटेत येतो. फ्रान्सच्या पिएर आंजेन्यू यांनी १९५० मध्ये ‘रेट्रोफोकस’ लेन्स आणून यातून वाट काढली. पुढे अंतर्वक्र भिंग आणि मागे प्रतिमा जुळवणारा गट, अशी ही मांडणी. आरशाला जागा मिळाली, पण लेन्स बोजड झाली आणि दोष आवरायला भिंगे वाढली.

रेंजफाइंडर कॅमेऱ्यात आरसाच नसल्याने ही अडचण नव्हती. लायका एममध्ये हेच अंतर २७.८ मिमी. लुडविग बर्टेले यांनी झाइससाठी आखलेली बायोगॉन जवळपास सममित आहे. तिच्या पुढच्या अर्ध्या भागाची विकृती मागचा अर्धा भाग खोडून काढतो, म्हणून इमारतीच्या कडा सरळ राहतात. ३८ मिमी बायोगॉनसाठी हॅसलब्लाडने आरसा नसलेला वेगळा कॅमेराच काढला.

मिररलेस निकॉन झेडमध्ये अंतर १६ मिमीवर आले, तरी सममित रचना जशीच्या तशी परतली नाही. सममित लेन्सचा मागचा भाग फिल्मच्या जवळ असतो, म्हणून कोपऱ्यांत किरण तिरपे पडतात. फिल्म ते सोसते. सेन्सरवरची काच आणि सूक्ष्मभिंगे तेवढी सोसत नाहीत, त्यामुळे कोपरे धूसर होतात, कधी त्यांना रंगाची छटाही चढते. नव्या लेन्सना म्हणून मागे मोठे भिंग देऊन किरण शक्य तितके सरळ केले जातात. तरीही फायदा झालाच: निकॉनची १४-२४ मिमी एफ २.८ एफ माउंटवर सुमारे एक किलोची होती, झेडवर ती ६५० ग्रॅमची आहे. कॅननच्या १६५ ग्रॅमच्या आरएफ १६ मिमीमध्ये उरलेली विकृती सॉफ्टवेअरवर सोपवली आहे.

तेव्हा एसएलआरची जुनी वाइड लेन्स अॅडॉप्टरवर बहुधा निभावते, रेंजफाइंडरची पारखूनच घ्यावी. पैसे मोजण्यापूर्वी ती स्वतःच्या कॅमेऱ्यावर चढवा, दूरच्या दृश्याचा रॉ फोटो घ्या आणि चारही कोपरे पूर्ण आकारात तपासा.